घाण्याच्या बैलाची सुट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१० जूनच्या तुमच्या पुरवणीत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, दोनदा वाचला, कात्रण पण काढून ठेवलंय. पण त्यातल्या एका वाक्यावर मी चार दिवस अडून बसलेय आणि शेवटी घरचे म्हणाले आमचं डोकं खाऊ नकोस, पेपरला लिही. वाक्य असं होतं की रविवारची सुट्टी मुळात साहेबाची, त्याला चर्चला जायचं असायचं, तीच लोखंड्यांनी आपल्या कामगारांसाठी मिळवली. बरोबरच आहे, मी कुठे नाही म्हणते. पण साहेबाला ती कुठनं मिळाली? त्याचा पणजोबा काय लंडनात बसून शोधून काढायला गेला होता का? तिथे तुमचा लेख थांबला, आणि माझ्या मते खरी गंमत तिथूनच सुरू होते.

मी मूळची अलिबागची. आमच्या घरापासून चार पावलांवर इस्रायल आळी. आता तिथे फार घरं उरली नाहीत, पण माझ्या लहानपणी होती. म्हणजे अर्धी माणसं इस्रायलला निघून गेलेली आणि अर्धी जाऊ की नको करत बसलेली, असे ते दिवस. ही सगळी बेने इस्रायल मंडळी, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. बोलणं आमच्यासारखंच, साड्या आमच्यासारख्याच, आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, म्हणजे आपल्या गावाला कर लावून झालेली. फक्त शनिवारी त्यांच्याकडे सगळं गप्प. आज्जी त्यांना शनवार तेली म्हणायची. तेव्हा कळायचं नाही पण त्या शब्दाला थोडा नाक मुरडायचा वास होता, तो त्यांना आवडायचा नाही हे मला फार उशिरा कळलं. तर कोकणात पिढ्यानपिढ्या त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. आपले हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, त्यांना सोमवार तेली म्हणायचे. मला बरीच वर्षं वाटायचं की शनिवारी तेल विकत घेऊ नये असं आपल्यात म्हणतात ना, गिऱ्हाईकच नाही तर घाणा चालवून काय करणार, म्हणून बंद ठेवत असतील!

मग कधीतरी कॉलेजात असताना मराठी बायबल हातात पडलं. धार्मिक कारण काहीच नाही हो, लायब्ररीत बसायचं निमित्त. त्यात निर्गम नावाचं पुस्तक आहे, त्यात सिनाय डोंगरावर देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञा आहेत, चोरी करू नको, खून करू नको वगैरे, त्या सगळ्यांना माहीत असतात. पण त्यात शब्बाथाची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या सुट्टीची, जी आज्ञा आहे ती या सगळ्यांपेक्षा लांबलचक आहे. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी कुठलंही काम करायचं नाही, आणि मग यादी. तू नाही, तुझा मुलगा नाही, मुलगी नाही, तुझा दास नाही, दासी नाही, तुझी गुरंढोरं नाहीत, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूसही नाही. पुढे अजून एके ठिकाणी तर सरळच म्हटलंय की तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा म्हणून. मी तिथेच थांबले. मला एकदम आज्जीचा शनवार तेली आठवला आणि त्याचा बैल. आपल्याकडे घाण्याचा बैल म्हणजे काय ते सांगायला नको. डोळ्याला झापड, गोल गोल फिरायचं, चालून चालून कुठेच पोचायचं नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला आपण तेच म्हणतो, घाण्याला जुंपलाय नुसता. आणि इथे जगातल्या एका जुन्या कायद्यात त्याच बैलाचं नाव घालून त्याला आठवड्याची रजा दिलीय, आणि तो कायदा पाळणारी माणसं आमच्या तालुक्यात घाणा चालवत होती!

या लोकांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्यांच्यात असं सांगतात की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका वाचून वर आल्या. कधी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ते सोडून देऊ. पण जे वाचले त्यांच्याकडे ना पोथी राहिली ना हिब्रू भाषा. राहिलं काय, तर मुलाची सुंता, खवल्याचाच मासा खायचा, शमा नावाच्या प्रार्थनेचं पहिलं वाक्य, आणि शनिवार. भाषा गेली, पुस्तक गेलं, देश तर गेलाच होता, आणि घाणा बंद ठेवायचा दिवस राहिला. बाकीच्या ज्यू जगाशी गाठ पडेपर्यंत त्यांनी तो सांभाळला. नंतर त्यांचे लोक मुंबईला गेले, पलटणीत शिरले, १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे आणि आपलं मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. हार्बरने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहिती असेल?

आता कोणी म्हणेल की सात दिवसांचा आठवडा आपल्याकडे पण होता की, सोमवार मंगळवार आपलेच आहेत. होता, पण फार जुना नाही. मध्य प्रदेशात एरणला बुधगुप्त राजाच्या काळातला शिलालेख आहे, इसवी सन ४८४ चा, त्यात गुरुवारचा उल्लेख आहे आणि वाराचा उल्लेख असलेला आपल्याकडचा तो सगळ्यात जुना लेख मानतात. हे वार आले ग्रहांवरून, ज्योतिषाबरोबर. आणि त्यात सुट्टी कुठेच नाही! सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, उपास करा, तेल वाहा, पण कामावर या. सुट्टी आपल्याकडे होती ती अमावस्येला, अजूनही गवंडी सुतार अमावस्येला येत नाहीत, आणि बैलाची सुट्टी पोळ्याला. पोळा मला फार आवडतो, खांदेमळणी, शिंगांना रंग, पुरणपोळी सगळं सगळं, पण तो वर्षातून एकदा. हिब्रूंचा, म्हणजे जुन्या ज्यूंचा, पोळा वर्षातून ५२ वेळा, आणि त्यात मालक पण बैलाबरोबर बसणार.

अजून एक गोष्ट बघा, हे मला फार उशिरा सुचलं. दिवस सूर्यामुळे होतो, महिना चंद्रामुळे, वर्ष ऋतूंमुळे. आठवड्याला आभाळात काहीच नाही. कुठलीही वस्तू वर सात दिवसांनी उगवत नाही की मावळत नाही. बाबिलोनमध्ये महिन्याच्या ७, १४, २१, २८ तारखा अशुभ मानायचे, राजाने त्या दिवशी अमुक खायचं नाही, तमुक करायचं नाही असं होतं, आणि शब्बाथाचा त्याच्याशी काही संबंध असावा असं काही अभ्यासकांना वाटतं, काहींना वाटत नाही. पण ते महिन्याला बांधलेलं होतं, नवा महिना लागला की मोजणी परत पहिल्यापासून. हिब्रूंनी दोरीच तोडली. चंद्र कुठेही असो, पाऊस असो, पेरणी असो, सात म्हणजे सात. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसातसुद्धा थांबायचं असं खास लिहून ठेवलंय, म्हणजे तेव्हाचे शेतकरी पण म्हणत असणार की अहो वाफसा आलाय, आज कसली सुट्टी! आणि तो दिवस अशुभ म्हणून काम बंद असं नाही, उलट तो सगळ्यात चांगला दिवस म्हणून बंद. आपल्या वार-तिथीच्या हिशोबात हे बसवून बघा, मला तरी धक्का बसला होता.

कारणं दोन दिलीत. एका ठिकाणी म्हटलंय की देवाने सहा दिवसात जग केलं आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तुम्ही थांबा. शब्बाथ या शब्दाचं मूळच थांबणं असं आहे. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे अनुवाद नावाच्या पुस्तकात, तीच आज्ञा परत येते पण कारण बदललेलं. तिथे म्हटलंय की तू मिसर देशात (म्हणजे इजिप्तमध्ये) दास होतास हे विसरू नको, म्हणून तुझ्या दासाला नि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. पहिलं कारण देवाचं, दुसरं गुलामाचं. मला विचाराल तर सगळं वजन दुसऱ्यात आहे. विटा पाडून पाडून ज्यांचं कंबरडं मोडलं त्यांच्या पोरांनी ठरवलं की आपल्या घरात कुणाचं असं होणार नाही, निदान आठवड्यातून एक दिवस तरी नाही.

रोमन लोकांना हे अजिबात पटलं नाही. त्यांच्याकडे आठवडी बाजार होता, आठ-आठ दिवसांनी भरणारा. (आपण सात दिवसांना आठवडा का म्हणतो हा मला लहानपणापासून पडलेला प्रश्न, तर मोजताना दोन्हीकडचे दिवस धरायचे म्हणून आठ. रोमन आठ दिवसांना नऊ म्हणायचे, तोच प्रकार!) तर सेनेका म्हणून त्यांचा मोठा तत्त्ववेत्ता होता, त्याने लिहिलं की हे ज्यू लोक दर सातवा दिवस रिकामा घालवून आयुष्याचा सातवा हिस्सा फुकट घालवतात. टॅसिटस नावाचा इतिहासकार पण तसाच, त्याचं म्हणणं या लोकांना आळसाची एवढी गोडी लागली की दर सातवं वर्षही त्यांनी आळसाला देऊन टाकलं. आता हे वाचताना मला २०२५ च्या जानेवारीतली ती बातमी आठवली. एका मोठ्या कंपनीचे साहेब म्हणाले होते की माणसांनी आठवड्याला ९० तास काम करावं, रविवारी पण यावं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार. सोशल मीडियावर चार दिवस नुसती धमाल चालली होती. मला तर वाटलं सेनेका परत जन्माला आला. दोन हजार वर्षं झाली, शिवी तीच. आणि सेनेकाची अजून एक ओळ आहे, वैतागून लिहिलेली, की हरलेल्यांनीच जिंकणाऱ्यांना आपले कायदे दिले. म्हणजे त्याच्या डोळ्यादेखत रोममध्ये लोक हा दिवस पाळायला लागले होते. त्याला राग आला होता, पण बोलला ते खरं झालं. पुढे ख्रिस्ती लोकांनी शनिवारचा रविवार केला, इसवी सन ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारी शहरात काम बंदचा हुकूम काढला (शेतकऱ्यांना त्यातून वगळलं, बघा, शेतकरी कायम वगळलेलाच), आणि तिथून फिरत फिरत तो साहेबाच्या पेटाऱ्यातून मुंबईला आला. मुसलमानांचा शुक्रवार त्याच घराण्यातला पण थोडा वेगळा, तिथे नमाज झाल्यावर कामधंद्याला जायला मोकळीक आहे. आणि ज्यांनी नाव बदललं नाही ते शनिवारला अजून शब्बाथच म्हणतात, पोर्तुगीजमध्ये साबादु, अरबीत सब्त, रशियनमध्ये सुब्बोता. उर्दूत तर शनिवारला हफ्ता म्हणतात, म्हणजे सात. आपल्या मराठीत तो शब्द फक्त ईएमआय आणि दादा लोकांसाठी उरला.

हा दिवस मोडायचे प्रयत्न पण झालेत, आणि कुणी लुंग्यासुंग्यांनी नाही. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा काढला. सगळं दशमान पद्धतीत, शास्त्रशुद्ध, आणि सुट्टी दहा दिवसांनी एक. साधा हिशोब आहे, कामगाराला काय वाटलं असेल! नेपोलियनने १८०६ पासून ते कॅलेंडरच बंद केलं. मग रशियात १९२९ मध्ये स्टालिनच्या लोकांनी पाच दिवसांचा आठवडा आणला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला एक रंग, आणि प्रत्येक रंगाला वेगळ्या दिवशी सुट्टी, म्हणजे मशीन कधीच बंद नाही. कागदावर बघितलं तर सुट्ट्या वाढल्या होत्या, सातातून एकच्या ऐवजी पाचातून एक! पण नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा लाल असेल तर दोघं भेटणार कधी? पोरांच्या शाळेची सुट्टी तिसरीच. लोक तक्रार करायला लागले की एकट्याने घरात बसायचं ही कसली सुट्टी. १९३१ मध्ये सहा दिवसांचा करून बघितला, आणि १९४० मध्ये गुपचूप सात दिवसांवर आणि रविवारवर परत. देवाला न मानणाऱ्या सरकारला मोशेच्या आठवड्याकडे परत यावं लागलं.

शब्बाथातला मुद्दा नुसता आराम हा नाहीच, सगळ्यांनी एकाच वेळी थांबायचं हा आहे, तो त्या रशियन बायकांना बरोबर कळला होता.

दिवसाचंच नाही, वर्षाचंही त्यांनी असंच केलं होतं. दर सातव्या वर्षी जमीन पड टाकायची, आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी आणि जनावरांनी खायचं, आणि आपल्या माणसाला दिलेलं कर्ज सोडून द्यायचं. सात गुणिले सात झाली की पन्नासावं वर्ष योबेलाचं, त्या वर्षी मेंढ्याचं शिंग फुंकायचं, कर्जापायी विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत आणि कर्जापायी विकला गेलेला माणूस मोकळा. का, तर देव म्हणतो जमीन माझी आहे, तुम्ही नुसते माझ्याकडे राहायला आलेले. आमचा तालुका चरीच्या शेतकरी संपाचा, त्यामुळे जमीन कुणाची हा प्रश्न आम्हाला पाळण्यापासून माहीत! हे योबेल खरंच कधी पाळलं गेलं का याबद्दल जाणकारांना शंका आहे, आणि कर्जमाफीचं तर त्यांच्याकडेही आपल्यासारखंच झालं, सातवं वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घ्यायचे. तेव्हा हिल्लेल नावाच्या धर्मपंडिताने पळवाट काढली, कर्जाचा कागद कोर्टाच्या ताब्यात द्यायचा म्हणजे माफी लागू होत नाही. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच शेतीकर्जाच्या टेबलावर, तेव्हा मला सावकारही समजतो, शेतकरीही समजतो आणि हिल्लेलही समजतो. पण नुसता शब्द बघा कुठून कुठे गेला. योबेलचं इंग्रजीत ज्युबिली झालं आणि आपल्याकडे पिक्चर २५ आठवडे चालला की सिल्व्हर ज्युबिली, दादर-परळच्या थेटरांवर बोर्ड लागायचे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या त्या तडा गेलेल्या प्रसिद्ध घंटेवर या योबेलाचंच वाक्य कोरलंय, देशभर सगळ्यांसाठी मुक्तीची घोषणा करा म्हणून, आणि गुलामी बंद करा म्हणणाऱ्यांनी ती घंटाच आपली निशाणी केली.

आता सगळं गोड गोड सांगत नाही. त्याच पुस्तकात परक्या जातीचे गुलाम विकत घेऊन कायमचे ठेवायला परवानगी आहे, योबेल त्यांच्यासाठी नाही. शब्बाथाच्या दिवशी लाकडं गोळा करणाऱ्या माणसाला दगडांनी मारल्याची गोष्ट आहे, ती वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. आणि त्या सुट्टीच्या यादीत एक नाव नाही, तुमच्या लक्षात आलं का? मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, परका. बायको नाही! त्यांचे पंडित म्हणतात की तू म्हटलं त्यात नवरा-बायको दोघं आले. असेल. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, हं, आलं लक्षात.

पण इस्रायल आळीतल्या शेजारच्या मावशीकडे मी जे बघितलं त्याने माझं मत थोडं बदललं. शब्बाथाला विस्तव पेटवायचा नाही असा नियम आहे, आणि विस्तव नाही म्हणजे चूल नाही. शुक्रवारी दुपारभर मावशीची धांदल चालायची, कालवण, भाकऱ्या, सगळं सूर्य मावळायच्या आत करून ठेवायची. मग दिवा लावायचा, काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबतावर प्रार्थना व्हायची, आम्हा पोरांनाही वाटीत थोडं मिळायचं, त्याची चव अजून जिभेवर आहे. आणि शनिवारी मावशी ओटीवर बसलेली. नुसती बसलेली! हातात निवडायला भाजी नाही, शिवण नाही, काही नाही. माझी आई येताजाता बघायची आणि म्हणायची, हिला बरं जमतं बाई. त्यात थोडा टोमणा होता आणि बराच हेवा होता. आमच्याकडे रविवार म्हणजे बाबांची सुट्टी आणि आईचा डबल घाणा, मटणाचं वाटण, दोन पाहुणे, पोरांच्या डोक्याला तेल, आठवड्याचं धुणं. साहेबाकडून आपण सुट्टी घेतली पण चूल बंद ठेवायचा नियम काही घेतला नाही. तो घेतला असता तर आपल्या कितीतरी आयांचं आयुष्य वेगळं गेलं असतं.

लोखंड्यांकडे परत येते, कारण पत्र त्यांच्यावरून सुरू झालं. गिरण्यांमध्ये तेव्हा उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, रविवारी पण मशीन पुसायला बोलवायचे. जोतीरावांचा हा सहकारी, दीनबंधू पत्र चालवणारा, १८८४ पासून मागणी लावून धरतो, आणि १० जून १८९० ला मालक कबूल होतात. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आणि त्यांनी मागताना सांगितलं काय म्हणतात, तर रविवार हा आमच्या खंडोबाचा वार. मला याचं फार कौतुक वाटतं. येशूचा दिवस आहे म्हणून द्या असं म्हटलं नाही, साहेब देतो तसं आम्हालाही द्या असं नुसतं म्हटलं नाही, जेजुरीच्या देवाचा दिवस म्हणून आमचा हक्क. म्हणजे सिनाय डोंगरावरून निघालेली आज्ञा रोमच्या बादशहाच्या आणि इंग्रज पाद्र्यांच्या हातून येत येत शेवटी मल्हारी मार्तंडाच्या भंडाऱ्यात न्हाली. तुमच्या लेखात खंडोबा होता, बाकीचा प्रवास नव्हता, म्हणून हा पत्रप्रपंच.

यात एक चटका लावणारी गोष्ट पण आहे. ज्यांच्यामुळे हा दिवस जगाला मिळाला त्यांचीच यात पंचाईत झाली. बेने इस्रायल लोक घाणा सोडून रेल्वेत, पोस्टात, सरकारी ऑफिसात लागले, तिथे सुट्टी रविवारची आणि शनिवारी हजेरी. घाण्यावर जे दोन हजार वर्षं जमलं (त्यांच्या हिशोबाने) ते पगारी नोकरीत जमेना. मावशीचे यजमान शनिवारी डबा घेऊन बाहेर पडायचे, डबा अर्थातच आदल्या दिवशीचा. अमेरिकेत याचं वेगळंच झालं. १९०८ साली तिकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या एका सूतगिरणीने ज्यू कामगारांसाठी शनिवारी पण सुट्टी द्यायला सुरुवात केली, पाच दिवसांच्या आठवड्याची सुरुवात तिथून धरतात. पुढे १९२६ मध्ये हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा लावला, आणि हा फोर्ड ज्यूंच्या नावाने बोटं मोडणारा, त्यांच्याविरुद्ध पेपर चालवणारा माणूस! आपल्या राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, मंत्रालयातले सगळे शनवार तेली झाले. बँकांना अजून दुसरा आणि चौथाच शनिवार मिळतो, त्यावर मी इथे बोलत नाही नाहीतर पत्र दुप्पट होईल.

आता माझ्या घरातलं सांगते आणि थांबते. मुलगा कॉम्प्युटरमध्ये, त्याला सुट्टी रोटेशनने, या महिन्यात मंगळ-बुध. सून एका मोठ्या दुकानात, तिला गुरुवार, कारण शनिवार-रविवार तर गर्दीचे. नातवाला रविवार. रशियातले पिवळे नि लाल रंग आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आलेत, फक्त इथे कुणी हुकूम काढला नाही, आपणच सही केली. प्रत्येकाला सुट्टी आहे, कायद्याप्रमाणे आहे, तक्रार कुठे करणार? रविवारी सकाळी मी आणि नातू दोघंच, तो मोबाईलवर आणि मी तुमची पुरवणी घेऊन.

आणि ती पुरवणी आणून टाकणारा मुलगा, बारावीत आहे, पहाटे साडेचारला सायकल घेऊन निघतो, त्याला परवा विचारलं की तुला सुट्टी कधी रे. म्हणाला आजी, दुसऱ्या दिवशी पेपर नसतो तेव्हा. असे दिवस वर्षाला किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा नक्की माहिती. पुढच्या १० जूनला लोखंड्यांवर लेख छापाल तेव्हा तो आकडा पण छापा, एवढी विनंती. पत्र लांबलंय, जागेसाठी कापावं लागलं तर सेनेका कापा, रशिया कापा, बैल तेवढा ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (माहेर अलिबाग)